श्वास रोखून धरा, मॅडम

सायकलची जर्सी पुरुषाच्या देहावर बेतलेली असते. खांदे रुंद, छाती सपाट, कंबर आणि नितंब जवळजवळ एकाच मापाचे, असा कुणीतरी चाळीस इंची गडी डोळ्यांपुढे ठेवून ती कापली जाते. मग तोच काप थोडा आवळायचा, कंबरेत चिमटा काढायचा, खांद्यावर दोन फुलपाखरं छापायची आणि 'लेडीज' अशी चिठ्ठी लावून टांगायची. आम्ही बायका ती अंगात चढवतो, श्वास रोखून झिप वर ओढतो आणि ती बसली नाही की आपल्याच देहाला नावं ठेवत घरी येतो. हा तमाशा मी पुण्यात सायकल चालवायला लागल्यापासून बघते आहे. आता पुरे.

"मग साधा टी-शर्ट घालून चालवा की!" हा सल्ला देणारे नेहमी दुचाकीवरून जाणारे असतात, आणि त्या दुचाकीला इंजिन असतं. सुती टी-शर्ट कात्रजचा अर्धा घाट चढेपर्यंत ओलाचिंब होतो, अंगाला चिकटतो, बोगद्यापलीकडच्या उतारावर वारा लागला की पाठ गारठते आणि काखेत शिवण घासून घासून कातडी सोलते. हँडलवर वाकलं की मागून तो वर सरकतो आणि अख्ख्या हायवेला तुमच्या पाठीचं दर्शन घडतं. जर्सी याच कटकटींवर उपाय म्हणून घडत गेली. तिचं कापड घाम धरून ठेवत नाही, लवकर वाळतं. पुढून ती आखूड, मागून लांब असते, कारण सायकलवरचा माणूस ताठ नसतो, वाकलेला असतो. खालच्या काठाला आतून सिलिकॉनची पट्टी असते, ती जर्सीला जागेवर धरते. पाठीवर तीन खिसे असतात. त्यात फोन, पंक्चरचं सामान, राजगिऱ्याचे लाडू, सगळं मावतं. वस्तू हुशारीने केलेली आहे, यात वाद नाही. माझा वाद आहे तो ही हुशारी कुणाच्या वाट्याला येते याच्याशी.

आता हीच हुशार वस्तू बाईच्या अंगावर चढवा. छातीचा उभार पुढचं कापड वर खेचतो, आणि मुळातच आखूड असलेला पुढचा भाग बेंबीच्या वर जाऊन बसतो. काठाची ती सिलिकॉनची पट्टी नितंबांवर टिकायला हवी. पण काठाचा घेरच तिथे पुरत नाही, म्हणून ती निसटते आणि अंगावरची सगळ्यांत बारीक जागा शोधत वर चढते. ती जागा म्हणजे कंबर. तिथे तिची गुंडाळी होते आणि पोटाला दोरखंड आवळल्यासारखी काचत राहते. पट्टी वर गेली की मागचे खिसेही वर जातात. मग फोन बरगड्यांमागे लोंबकळतो आणि चालत्या सायकलवर हात मागे नेऊन लाडू काढायचा तर खांदा निखळायची वेळ येते. बाहीच्या काठाची पट्टी दंडात रुतते. संध्याकाळी घरी येऊन जर्सी काढली की दोन्ही दंडांवर बांगडीसारखे लाल वळ असतात.

"मग मोठं माप घ्या." घेतलं. छातीत बसलं, तर खांदे कोपराच्या दिशेने उतरले, मुंढा बरगडीपर्यंत लोंबला, गळा एवढा सुटला की वाकलं की समोरून येणाऱ्याला थेट आतला देखावा. उतारावर वारा आत शिरतो आणि पाठीवर फुगा होतो. म्हणजे घट्ट घेतली तर काचते, सैल घेतली तर फडफडते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

यावर दुकानदाराचं ठरलेलं उत्तर असतं, "स्ट्रेच आहे मॅडम, ताणतं." ताणतं हो. रबरबँडही ताणतो. ताणलेलं कापड पातळ होतं, आणि पातळ झालेलं पांढरं कापड घामाने भिजलं की त्यातून काय काय दिसतं हे त्या कापडाची निवड करणाऱ्या गृहस्थांना कुणीतरी एकदा आरशासमोर उभं करून दाखवायला हवं. शिवाय प्रायोजक नावाची एक जमात आहे. तिला आपलं नाव जर्सीच्या छातीवरच हवं असतं. पुरुषाच्या सपाट छातीवर ते नाव सरळ वाचता येतं. माझ्या छातीवर मधली अक्षरं फुगतात, कडेची काखेत पळून जातात. कुठल्यातरी पतपेढीची किंवा गुडघे बदलणाऱ्या रुग्णालयाची जाहिरात मी अशी वाकड्यातिकड्या अक्षरांत मिरवत असते, आणि सिग्नलला थांबलेले लोक ती लक्ष देऊन वाचतात. फार लक्ष देऊन वाचतात.

दुकानात गेलात तर पुरुषांसाठी भिंतभर जर्सी असतात. बायकांसाठी कोपऱ्यात एक दांडी, तिच्यावर बहुतेक स्मॉल आणि मीडियम, आणि रंग दोन, गुलाबी आणि जास्त गुलाबी. ट्रायल रूमचा आरसा उभ्या माणसासाठी असतो. जर्सी तपासायची तर वाकून हात पुढे करून तपासावी लागते, तशी जागाच नसते. मी एकदा बाहेर येऊन दुकानातल्याच एका सायकलवर बसले आणि हँडल धरून वाकले. पोटाशी जे व्हायचं ते झालं. विकणारा मुलगा वयाने माझ्या भाच्याएवढा. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, श्वास थोडा रोखून धरा ना." मी म्हटलं, "अरे, मला यात खडकवासल्यापर्यंत जायचंय. श्वास कुठपर्यंत रोखू?" तो विचारात पडला आणि मग त्याने आशेचा किरण दाखवला, "चार-पाच किलो कमी झाले की परफेक्ट बसेल, काकू." मघाची मॅडम चार-पाच किलोंच्या उल्लेखासरशी काकू झाली, हेही माझ्या लक्षात आलं.

खरा संताप इथे आहे. बाईने वजन कमी करण्यासाठी सायकल चालवावी, असं डॉक्टर सांगतात, नवरे सांगतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सांगतात. आणि सायकल चालवायचा पोशाख अंगात जावा म्हणून तिने आधी वजन कमी करावं, असं दुकान सांगतं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. बरं, सायकल चालवणारी प्रत्येक बाई काही बारीक व्हायला निघालेली नसते. मी तर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला पिठलं-भाकरी मिळते म्हणून निघते. ती पचावी इतपत पॅडल मारते.

आणि पुरुष? रविवारी पहाटे सिंहगड रस्त्यावर उभे राहा आणि बघा. साठीच्या घरातले एकेक अण्णा, पोट गणपतीला लाजवेल असं, त्यावर इटालियन संघाच्या रंगांची घट्ट जर्सी. घाट चढताना झिप बेंबीपर्यंत उघडी, आत जानवं किंवा सोन्याची साखळी. या दृश्याकडे बघून कुणी नाक मुरडत नाही. "या वयातही काय उत्साह आहे बघा!" असंच म्हणतात, आणि योग्यच म्हणतात. अण्णांचा उत्साह मलाही आवडतो. पण त्याच रस्त्यावरून पंचेचाळिशीची, दोन बाळंतपणं झालेली, नितंब आणि छाती दोन्ही असलेली बाई तशाच घट्ट जर्सीत गेली तर तिच्या उत्साहाबद्दल कुणी बोलत नाही. वरून एखादा हितचिंतक सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर हळूच सुचवतो, "लेडीज मेंबर्सनी जर्सीवरून सैल टी-शर्ट घातला तर बरं दिसेल." बरं कुणाला दिसेल, हे तो लिहीत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण आमच्यातल्याच काही शहाण्या बायका इथे माझ्याशी भांडतात. त्या म्हणतात, "दिसण्याचं काय एवढं? सोयीचं असलं म्हणजे झालं." मला सोयीचं तर हवंच आहे. पण मला शोभणारंही हवं आहे, आणि ते मागताना मी ओशाळणार नाही. लग्नाला जाताना ब्लाउज नीट बसावा म्हणून आपण शिंप्याच्या तीन खेपा घालतो, त्यात कुणाला उथळपणा दिसत नाही. मग चार तास ज्या कपड्यात रस्त्यावर, उन्हात, लोकांच्या नजरेत राहायचं आहे तो नीट दिसावा ही मागणी चैनीची कशी? आणि शोभणारं म्हणजे बारीक दाखवणारं, हे समीकरण मला मान्य नाही. कडेने काळे पट्टे मारून बाईला 'स्लिम' दाखवणाऱ्या जर्सी बाजारात आहेत. त्या घालून मी झेब्र्याची मावशी दिसते. कापड जिथे जसा देह आहे तिथे तसं पडलं, कुठे ओढ नाही, कुठे पोक नाही, की माणूस आपोआप चांगला दिसतो. पुरुषांच्या सुटाचा सगळा धंदा याच तत्त्वावर चालतो.

दुसरे एक भांडखोर म्हणजे संस्कृतिरक्षक. "आमच्या आई-मावश्या साडी नेसून सायकलवर कॉलेजला जायच्या, ऑफिसला जायच्या. त्यांचं काही अडलं नाही." पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची ही गोष्ट, आणि ती खरी आहे. पण त्या लेडीज सायकलची रचना आठवा. मधला दांडा वाकवून खाली घेतलेला, म्हणजे साडी सावरत पाय टाकता यावा. साखळीवर पूर्ण झाकण, म्हणजे काठ अडकू नये. मागच्या चाकाला जाळी, म्हणजे पदर आत जाऊ नये. बाई बदलत नाही म्हटल्यावर कारखानदारांनी सायकल बदलली. म्हणजे धंद्याला मनात आणलं की सगळं जमतं. लोखंडाचा दांडा बाईसाठी वाकवता येतो, मग दीड वार पॉलिस्टर का वाकत नाही?

नऊवारीची गोष्ट तर आणखी सोपी. तिला मापच नाही. सोळाची असो की साठीची, सडपातळ असो की आडव्या अंगाची, नेसणारी आपल्या देहाप्रमाणे ओढून, खोचून घेते. कासोटा घातला की शेतात वाका, झाडावर चढा. मी नऊवारीत ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, जा असं सांगत नाहीये. वस्त्राने देहाला जुळवून घ्यायचं असतं, हा विचार या मुलखाला नवा नाही, एवढंच म्हणते.

बाहेरच्या देशांतली बाईही यातून सुटलेली नाही. इंग्लंडमध्ये १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाची एक सरदारघराण्यातली बाई सायकल चालवत सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी पोचली आणि तिथल्या हॉटबॉय हॉटेलच्या कॉफी-रूममध्ये जेवण मागायला लागली. अंगात झगा नव्हता, सायकलला सोयीची ढगळ विजार होती. मालकीणबाईंनी तिला त्या दालनात बसू दिलं नाही, पलीकडे दारूच्या गुत्त्याला लागून असलेल्या खोलीत बसा म्हणाल्या. सायकलस्वारांच्या संघटनेने तिच्या बाजूने खटला लढवला. पुढच्या वर्षी ज्युरीने हॉटेलवालीला निर्दोष सोडलं. गंमत म्हणजे त्याच हॉटेलवर सायकलस्वारांच्या सोयीचं ठिकाण म्हणून त्याच संघटनेची पाटी होती. सोय होती, पण झगा घालणाऱ्या सायकलस्वार बाईची.

त्याच काळात कित्येक इंग्रज बायकांनी दोऱ्या ओढून वर घेता येणारे, बटणं लावून विजार करता येणारे झगे स्वतः शोधून काढले आणि त्यांची रीतसर पेटंटं घेतली. कॅट युंगनिकल या संशोधिकेने २०१८ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पेटंटच्या आकृत्या बघून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते कपडे पुन्हा शिवले आणि घालून सायकली चालवल्या. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बायकांनी सुई-दोरा घेऊन जो प्रश्न सोडवायला घेतला, तो आजचे कारखाने अंगावर घेत नाहीत.

जर्सीच्या आत जे असतं त्याची कथा तर याहून भारी. पळताना, सायकल चालवताना छातीला आधार देणारी ब्रा १९७७ सालापर्यंत जवळजवळ नव्हतीच. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी ती पहिल्यांदा शिवली. कशापासून? पुरुष खेळाडू जो लंगोटवजा पट्टा घालतात, तसे दोन पट्टे विकत आणून, कापून, एकमेकांना जोडून. पुरुषांच्या त्या अवयवाला आधार द्यायची सोय एकोणिसाव्या शतकातच झाली होती, आणि ती मुळात सायकलवाल्यांसाठीच झाली होती. दगडी रस्त्यांवर त्यांना धक्के बसत म्हणून. आमच्या धक्क्यांची दखल घ्यायला आणखी शंभरेक वर्षं जावी लागली, आणि तीही बायकांनीच घेतली. शर्यतींचंही तेच. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत पहिल्यांदा १८९६ साली झाली, बायकांची आली १९८४ साली.

बायकांच्या कपड्यांवर मतं द्यायला मात्र उशीर होत नाही. २०१४ साली कोलंबियाच्या एका महिला संघाच्या गणवेशात पोटाखाली कातडीच्या रंगाशी मिळताजुळता पट्टा होता, फोटोत तो भलताच दिसला. जगभर गहजब. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सभ्यतेच्या कुठल्याही कसोटीवर तो न बसणारा ठरवला. डिझाइन फसलं होतं हे खरं. पण बायकांच्या कपड्यांनी या साहेबांना इतक्या लगबगीने बोलतं केलं ते फोटो वाईट दिसला तेव्हा. वर्षानुवर्षं कपडे वाईट बसतात, त्यावर असं एक वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही. आणि २०२१ साली नॉर्वेच्या बायकांनी बीच हँडबॉलमध्ये तोकड्या बिकिनीऐवजी आखूड विजार घातली तर त्यांना पंधराशे युरोंचा दंड. कमी झाकलं तरी गुन्हा, जास्त झाकलं तरी गुन्हा. माप आणि नियम दुसऱ्याच्या हाती असले की असंच व्हायचं.

आता धंद्याची बाजू ऐकू. "मागणी नाही हो मॅडम. लेडीज कुठे घेतात?" आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दांडीवर माझं माप नाही, म्हणून मी घेत नाही. मी घेत नाही, म्हणून दांडीवर माझं माप येत नाही. आणि बायका सायकल चालवत नाहीत म्हणाल तर, याच पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली विशीत असताना सुमारे २९ हजार किलोमीटर चालवून १५९ दिवसांत पृथ्वीला फेरी मारली. ती काही जर्सीच्या दुकानातून 'मागणी नाही' म्हणून परत फिरली नाही.

खरं घोडं पेंड खातं ते मापात. कारखान्यात एक मधलं माप आखून घेतात, आणि त्यावरून ठरावीक इंच वाढवत मोठी मापं काढतात. छाती वाढवली की खांदा वाढतो, गळा वाढतो, बाही वाढते, मुंढा वाढतो, उंचीही वाढते. पण छातीने बेचाळीस असलेली बाई काही खांद्याने पैलवान नसते. तिची उंची पाच फूटच असते. पुढच्या भागाला जास्त कापड हवं आणि मागच्याला तेवढंच, ही साधी गोष्ट त्या गणितात बसतच नाही. त्यातून आपल्याकडचे पुष्कळ कपडे इंग्लंड-अमेरिका-युरोपच्या मापांच्या तक्त्यांवर चालतात. भारतीय देहांची मापं घेण्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेकडे 'इंडियासाइझ' नावाचं काम दिलं, त्यात मुंबईसह सहा शहरांत सुमारे २५ हजार माणसांचे देह थ्रीडी यंत्राने मोजायचे ठरले. १५ ते ६५ वयाचे स्त्री-पुरुष. उत्तम काम. पण नितंब छातीपेक्षा रुंद असतात हे कळायला जर्सीवाल्यांना थ्रीडी यंत्र लागावं, याची मला मौज वाटते.

कारण हे सगळं ज्ञान तुळशीबागेच्या आसपासच्या कुठल्याही बोळात, जिन्याखालच्या टपरीत बसलेल्या ब्लाउजवाल्या ताईंकडे आहे. साडीवरचा ब्लाउज म्हणजे काय? जर्सीइतकाच घट्ट, पण जर्सी ताणते तसा न ताणणारा, आणि तरीही हात वर करून वरच्या फळीवरचा डबा काढता आला पाहिजे असा. ताई टेप घेतात. छाती, छातीच्या खाली, कंबर, मुंढा, पुढची उंची वेगळी, मागची वेगळी. "टक्स घालू की प्रिन्सेस कट?" एवढंच विचारतात. कटोरी हवी तर कटोरी. शिवणीत दोन बोटं माया ठेवतात, बाळंतपणानंतर उसवून सैल करता यावा म्हणून. "तुमची जर्सी आहे ना, तिला पुढे टकच नाही," असं अशाच एका ताईंनी माझी जर्सी उलटीपालटी करून मला सांगितलं. "हे गड्याचं झबलं आहे. कडेला दोन कळ्या लावते, खालचा घेर सुटेल." त्यांनी जुन्या लेगिंगच्या कापडाच्या दोन तिकोनी कळ्या लावल्या. कळ्या काळ्या, जर्सी निळी, दिसायला अगदीच दिव्य. पण पट्टी नितंबांवर टिकली. परदेशी तंत्रज्ञानाच्या नावावर हजारो रुपये मोजून जे मिळालं नाही, ते त्यांनी गप्पा मारता मारता करून दिलं.

बाहेर मोठ्या मापाच्या, खरोखर बायकांच्या देहावर बेतलेल्या जर्सी मिळतच नाहीत असं नाही. मिळतात. पण त्या मागवायच्या, कर भरायचा, घालून न बघता विश्वासावर घ्यायच्या आणि नाही बसल्या तर परतीच्या नावाने शंख. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी शिक्षिका, परिचारिका, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या आहेत. एका जर्सीत त्यांचा महिन्याचा किराणा येतो.

बिब शॉर्ट्सचं तर बोलूच नये. खांद्यावरून पट्टे जाणारी विजार, वरून जर्सी. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते. पुरुष झाडामागे जाऊन अर्ध्या मिनिटात परत. बाईने आधी शौचालय शोधायचं, ते सापडलं तर पाणी शोधायचं, मग झिप, जर्सी, पट्टे असं निम्मं अंग उघडं करून ओल्या फरशीवर कपडे सांभाळत उभं राहायचं. मागून सोडता येणारे पट्टे जगात आहेत. इथल्या दुकानात विचारलं तर ऐकणाऱ्याचे कान लाल होतात.

पण दुकानांपेक्षा माझा जास्त राग आहे तो इव्हेंटवाल्यांवर. दर हिवाळ्यात गावोगाव राइड निघतात, आषाढात सायकलवाऱ्या पंढरपूरला जातात. नोंदणी शुल्कात जर्सी येते. फॉर्मवर लिहिलेलं असतं 'युनिसेक्स'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हे युनिसेक्स म्हणजे शंभर टक्के जेन्ट्स. शुल्क मात्र आम्ही पूर्ण भरायचं, त्यात सवलत नाही. मग मापं गोळा होतात, तीही व्हॉट्सअॅपच्या गटावर, सगळ्यांसमोर. नावापुढे छातीचं माप इंचात लिहा. दीडशे पुरुषांच्या गटात कुठली बाई आपलं खरं माप लिहील? ती दोन इंच कमी लिहिते, आणि मग वाटपाच्या दिवशी आयोजक वैतागतो, "ताई, तुम्हीच तर अडतीस लिहिलं होतं!"

जर्सी छापणारे तर आपल्याच भागात बसलेले असतात. कापडावर छपाई, मग कापणी, मग शिलाई. वेगळा काप मागितला तर देतातही, फक्त कुणीतरी ऑर्डर देताना मागावा लागतो. मागणाऱ्या समितीत सगळे पुरुष, म्हणून तो कुणी मागत नाही. दुष्टपणा नाही यात. आपण खिजगणतीतच नाही. दुष्टपणा असता तर निदान भांडता आलं असतं.

तर समित्यांनो, पुढच्या राइडची ऑर्डर देण्याआधी इतकं करा. छापखान्याकडून बायकांच्या कापाचे, सगळ्या मापांचे नमुने मागवा आणि दोन दिवस एखाद्या बाईच्या घरी ठेवा, येऊन घालून बघू द्या. खालचा घेर नितंबांच्या मापावर ठरवा. पुढे टक किंवा प्रिन्सेस कट मागा. खिसे चार बोटं खाली घ्या. पांढरं कापड छातीवर नको. प्रायोजकाला पाठीवर जागा द्या, तिथे तो सरळ वाचता येईल. मापं गटावर नको, एखाद्या बाईच्या खासगी नंबरवर घ्या. या सगळ्याला एका मिसळीच्या बैठकीपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

आणि बायांनो, फॉर्मवर 'युनिसेक्स' दिसलं की पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा आणि विचारा, लेडीज काप आहे का? नाही म्हणाला तर जर्सीचे पैसे वजा करून शुल्क सांगा म्हणावं. दहा जणींनी असा फोन केला की अकरावीला करावा लागणार नाही.